गणवीर वकिलांनी खाल्लेली बासी

दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला म्हणजे दुर्गच्या कोर्टात पाच मिनिटांचं काम. १९६२ साल होतं. भिलईत कारखान्याचा विस्तार जोरात चालला होता, ट्रकांना गणती नव्हती, आणि पकडलेले ड्रायव्हर सोमवारी रांगेनं उभे राहायचे. गुन्हा कबूल म्हणायचं, दंड भरायचा आणि बाहेर येऊन चहा प्यायचा. पोलिसांना ते सोयीचं, वकिलांनाही सोयीचं. फक्त दयाराम गणवीर वकिलांना सोय या गोष्टीचंच वावडं होतं.

गणवीर भिलईजवळ चरोद्याला, रेल्वेत असलेल्या मोठ्या भावाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मूळ भंडाऱ्याकडचे. नागपुरात शिकत असताना छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. काळा कोट एकच. तो वर्तमानपत्रात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधायचा आणि दुर्गला पोचल्यावर अंगावर चढवायचा. त्यांची एक खोड होती. अशिलाला ते घटनेचं काही विचारायचेच नाहीत. "सकाळी उठल्यापासून सांगा," म्हणायचे. तोंड कधी धुतलं, काय खाल्लं, कोणाशी भांडलात, सगळं. बाररूममधली मंडळी खो खो हसायची. खुनाच्या खटल्यातही गणवीर आधी दातवणाची चौकशी करतो, असं म्हणायची. हसू द्यावं त्यांना. अशिलाचा अख्खा दिवस ऐकून घेण्याइतका धीर त्या खोलीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

मे महिन्यात त्यांच्याकडे जानराव रामटेके आला, सोबत बायको शेवंता. जानराव एका ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सेक्टर दहाची क्वार्टरं उठत होती, तिथं विटा पोचवायचा. दुपारी जमादारानं ट्रक अडवला. तोंडाला आंबूस वास आला, डोळे लाल दिसले, खाली उतरताना झोक गेला. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी वास घेऊन लिहून दिलं : दारू प्यालेला आहे. डोळ्यांचं सोडा. त्या धुळीत भिलईत ज्याचे डोळे लाल नव्हते, तो रजेवर तरी असायचा नाहीतर साहेब तरी. पण डॉक्टरांच्या कागदाला कोर्टात वजन होतं.

"घाबरू नका," गणवीर म्हणाले. "कायदा म्हणते का गाडी सांभाळता येत नाही इतकी पेला असन, तरच गुन्हा. मी जमादाराले एकच प्रश्न विचारतो, ट्रक कुठं धडकला का? नाही धडकला. झालं, सुटले तुमी."

जानरावनं थोडा विचार केला. "म्हणजे पेलो होतो, पण कमी पेलो होतो, असंच न?"

"कोर्टाले त्याच्याशी मतलब नाही."

"मले हाये, वकीलसाहेब. छप्पन सालापासून थेंबाले शिवलो नाही. वस्तीत दारू सोडा म्हणून मीच घरोघर फिरून राहिलो. असा सुटून गेलो तं कोणत्या तोंडानं फिरू? लायसन गेलं तं जाऊ द्या, हा डाग नोको."

दारू न पिण्याची प्रतिज्ञा गणवीरांनाही पाठ होती, आणि तरी सोयीची वाट त्यांनीच पुढे केली होती. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी कागद पुढे ओढला. "बरं. सकाळी उठल्यापासून सांगा."

जानरावनं दुपारपर्यंतचं सगळं सांगितलं. दुपारच्या जेवणाशी आल्यावर तो नुसतं "जेवलो" म्हणाला.

"काय जेवले?"

"जेवलो न, साहेब."

"अवो, भाजी नासली म्हणून डबा तं तसाच वापस आणला होता तुमी," शेवंता म्हणाली. जानरावनं मान खाली घातली. वकिलांनी तीनदा विचारलं, तरी तोंडातून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी गणवीरांनी सायकल सेक्टर दहाकडे वळवली. विटा उतरवणाऱ्या बायकांना ते एकेक करून विचारत गेले. पंचफुला नावाची छत्तीसगढी मजूर होती, तिनं डोक्यावरचं घमेलं न उतरवताच उत्तर दिलं. "मोर संग बासी खाइस, साहेब. अउ का?"

जानरावनं तिच्याबरोबर बासी खाल्ली होती. बासी म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात. रात्री भिजवायचा आणि दुसऱ्या दिवशी मीठ-कांद्याबरोबर खायचा. उन्हाळ्यात छत्तीसगढात घरोघरी हेच दुपारचं जेवण. त्या दिवशीची बासी मात्र दोन रात्रींची होती. पंचफुला मधला एक दिवस लग्नाला गेली होती आणि मेच्या उकाड्यात भात चांगलाच आंबला होता. अशी बासी पोटात गेली की डोळ्यांवर झापड येते, हे तिनं हसत सांगितलं. त्यात जानराव पहाटेपासून स्टिअरिंगवर होता.

गणवीर तडक जानरावच्या झोपडीत गेले. "मले सांगतलं कावून नाही?"

जानराव एकदम उसळला. "काय सांगू? शिळं खाल्लं म्हणून? माह्या मायनं दारोदार मागून आणलेल्या शिळ्यावर आमाले वाढवलं. बाबासाहेबांनी सांगतलं तवा ते सोडलं. आता दारू नाही पेलो हे दाखवाले, शिळं खाल्लं म्हणून भर कोर्टात सांगू?"

वकिलांचंही बालपण तेच होतं. बाराव्या वर्षी त्यांनी गावातल्या एका ओसरीवरून मिळालेली भाकर फेकली होती, आणि त्यानंतर शिळ्या अन्नाला कधी हात लावला नव्हता. ते जानरावशेजारी बसले आणि म्हणाले, "जानरावभाऊ, आपल्याले जे देत होते ते त्यांच्या ताटात उरलेलं होतं. पंचफुलानं तुमाले उरलेलं नाही देलं. ती सोता जे खाते, त्यातलं अर्धं काढून देलं. याच्यात काय लाज?"

शेवटी जानराव म्हणाला, "सांगतो."

त्यानं सांगितलं, पिंजऱ्यात उभं राहून, मान वर ठेवून. पंचफुलानंही साक्ष दिली. पण डॉक्टर दूरच्या मुलुखातले, बासीचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. नुसत्या भातानं असा वास येणं शक्य नाही, यावर ते अडून बसले.

मधल्या सुट्टीत गणवीर वऱ्हांड्यात मांडी घालून बसले. त्यांच्या सांगण्यावरून पंचफुलानं भिजवून आणलेली दोन रात्रींची बासी तिच्याच काशाच्या वाडग्यातून त्यांनी खायला घेतली. कारकून, पोलीस, पक्षकार, सगळे गोळा झाले. पहिला घास त्यांनी डोळे मिटून गिळला आणि मग कांदा फोडून अख्खा वाडगा संपवला. कोर्ट पुन्हा बसलं तेव्हा ते डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, माझ्या तोंडाचा वास घ्या. त्या दिवशीचा वास वेगळा होता का, ते शपथेवर सांगा."

डॉक्टर प्रामाणिक निघाले. वास घेतला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हाच होता."

मॅजिस्ट्रेटनी निकाल सांगायला सुरुवात केली. संशयाचा फायदा देऊन आरोपीस मुक्त करण्यात येत आहे, इथवर आले आणि गणवीर उभे राहिले.

"हुजूर, माझ्या अशिलाला संशयाचा फायदा नको."

कोर्टात कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "गणवीर, तुम्ही खटला जिंकला आहात. खाली बसा."

"प्याला असेल, नसेल, असा निकाल घेऊन हा माणूस घरी जाऊ शकत नाही, हुजूर. तो दारू प्यालेला नव्हता, एवढं लिहावं. तसं पटत नसेल तर शिक्षा करावी." बारा वर्षं वकिली केलेल्या माणसानंही असं धाडस केलं नसतं, आणि गणवीरांना तर चारच झाली होती.

मॅजिस्ट्रेट जानरावकडे वळले. "तुम्हारा भी यही कहना है? लाइसेंस जा सकता है."

"हो, साहेब," जानराव म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनी कारकुनाकडून कागद मागून घेतला, आपल्या हातानं एक ओळ खोडली आणि तिच्या जागी दुसरी लिहिली.

चौथ्या दिवशी निकालाची नक्कल मिळाली. इंग्रजीत होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून गणवीरांनी ती ओळ मराठीत वाचून दाखवली : "आरोपी त्या दिवशी दारू प्यालेला नव्हता." जानराव हात जोडून ऐकत होता. शेवंता म्हणाली, "आणखीन एक डाव वाचा न, साहेब."

गणवीरांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, पण या खेपेला त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येईना.