वहिनीच्या मामांची काटछाट

माझ्या वहिनीच्या मामांनी आयुष्यभरात जेवढं खोडलं, तेवढं दुसऱ्या कुणी लिहिलंही नसेल. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका उंच इमारतीत आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही रुग्णालयांच्या प्रयोगशाळांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. सांभाळतो हा शब्द मामांचा, तेही तिथेच होते. बाकीचे 'बनवतो' म्हणतात. रक्ताच्या तपासणीचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की वॉर्डात ताबडतोब सूचना जायला हवी, हे त्या सॉफ्टवेअरचं सगळ्यात महत्त्वाचं काम. पण इतक्या वर्षांत आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाने घाईघाईत जुना तुकडा उचलून नव्या जागी चिकटवला होता. त्यामुळे तो एकच नियम नऊ ठिकाणी लिहिलेला होता, आणि त्या नऊ जागा कुठे आहेत हे एकट्या मामांना ठाऊक होतं.

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर कॉलर ताठ करून हिंडला असता. मामांना त्याची लाज वाटायची. त्यांच्या मुलीच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, कन्यादानाला बसायच्या ऐन वेळी ऑफिसातून माझा फोन गेला. एका रुग्णालयाच्या सूचना बंद पडल्या होत्या आणि मला काही केल्या कारण सापडत नव्हतं. मामा सोवळं नेसून नवरीच्या खोलीत आहेराच्या खोक्यावर बसले आणि अर्धा तास मला कुठल्या फाइलमध्ये कितवी ओळ ते तोंडपाठ सांगत राहिले. बाहेर गुरुजी घड्याळ बघत होते, आत मामी जे बोलत होत्या ते मला फोनवर स्पष्ट ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी मामांचं कौतुक केलं. मामांनी मान खाली घातली. "माझ्यावाचून अडतं ही माझी हुशारी नव्हे," ते म्हणाले, "तो माझा गुन्हा आहे." निवृत्तीला तेव्हा सव्वा वर्ष उरलं होतं. तेवढ्यात नवाच्या जागी एक करायचं आणि आपल्यामागे कुणालाही सांभाळता येईल असं ते सोडून जायचं, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं. 'कुणालाही' म्हणजे मला, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

मग माझी शिकवणी सुरू झाली. मामा मला प्रोग्रामचा एकेक भाग सरळ मराठीत मोठ्याने वाचायला लावत. "हा भाग रिपोर्ट घेतो आणि आकडा तपासतो आणि डॉक्टरांचं नाव शोधतो आणि…" इथवर आले की त्यांचा हात वर जाई. "तीनदा 'आणि' म्हटलंस. तीन जागी कापायचं." मी कापायची. एका 'जर'च्या पोटात दुसरा 'जर', त्याच्या पोटात तिसरा असं दिसलं की ते चष्मा काढून डोळे चोळत बसत. "काय गो ह्या? पाहुण्याक चार जिने चढवून वर सांगतंस, की यजमान घरात नाहीत? दारातच सांग की!" कुठेही चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असे, "हे आणखी कुठे आहे?" हा प्रश्न ते जेवताना आणि लिफ्टमध्येसुद्धा विचारत. आमच्याकडे कुणी किती ओळी लिहिल्या, त्यातून खोडलेल्या किती वजा झाल्या याचा महिन्याचा तक्ता निघतो. त्यात मामांच्या नावापुढे कायम उणे आकडा असे. नवीन मॅनेजरना वाटलं, तक्ताच बिघडला. त्यांनी मामांना केबिनमध्ये बोलावून मोठ्या अदबीने विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "साहेब, बरोबर आहे. अजून पुष्कळ उणे व्हायचं आहे."

लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या दोन खोल्यांतही हाच कारभार. एका प्रकारची वस्तू घरात एकच असायची, आणि तिची जागा ठरलेली. कात्री एक, ती दारामागच्या खिळ्याला. छत्री एक, मग दोघांनी एकाच वेळी बाहेर पडायचं ठरलं तर भांडण ठरलेलं. जावयाने दिवाळीला घड्याळ आणलं, तेव्हा भिंतीवरचं चालू घड्याळ उतरवून मामांनी त्याच दुपारी शेजाऱ्यांना दिलं. या धडाक्यातून घरातल्या फक्त दोन विळ्या वाचल्या होत्या, कारण मामी स्वयंपाकघरात कुणाचं चालू देत नसत.

वर्षभरात नऊचे दोन झाले. एक नियम मोठ्या माणसांसाठी, एक नवजात बाळांसाठी. दोन्ही शब्दाला शब्द सारखे, मर्यादेचा आकडाही सारखा. मला चेव आला होता. मी म्हटलं, "मामा, हेही एक करू या ना!" मामा हसून म्हणाले, "पोरगी तयार झाली." आणि आम्ही ते दोन एक केले. दोन महिन्यांनी एका रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांची मर्यादा थोडी सैल करायला सांगितली. मी एका जागी आकडा बदलला. बाळांची मर्यादाही त्यासरशी सैल झाली, ते ना माझ्या ध्यानात आलं, ना मामांच्या. एका तीन दिवसांच्या बाळाचा रिपोर्ट बिघडलेला आला आणि सूचना गेलीच नाही. प्रयोगशाळेत माझगावहून येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना तो आकडा बघून चैन पडेना. त्या स्वतः कागद घेऊन दोन जिने चढून वॉर्डात गेल्या, म्हणून बाळाला वेळेवर उपचार मिळाले.

मीटिंगमध्ये मामांनी मला तोंड उघडू दिलं नाही. "चूक माझी," एवढंच म्हणून ते बसले. त्याच दुपारी ते चालत त्या रुग्णालयात गेले, मीही गेले. त्यांनी हात जोडले तशा बाई संकोचल्या. "अहो काका, जाऊ द्या. मी बघितलं ना!" मामा म्हणाले, "तुम्ही रजेवर असतात तर?" मला जन्मात इतकं अपराधी कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आले ते डोळे सुजलेले, पण काहीतरी उमगलेल्या चेहऱ्याने. मामींना त्यांनी सगळं सांगितलं होतं. मामींनी दोन्ही विळ्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या म्हणे. "एक मासळीची, एक नैवेद्याची. दिसतंत सारख्यो, म्हणून मी कधी एक केलंय?" मामांनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "सारखं काय दिसतं ते मी सव्वीस वर्षं बघत आलो गो. वापरतं कोण, ते बघायचं राहिलं." त्या दिवशी आम्ही बाळांचा नियम पुन्हा वेगळा लिहिला आणि तो वेगळा का, हे मामांनी त्या नियमाच्या वर चार ओळींत लिहून ठेवलं. नव्या ओळी लिहिताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. फार सावकाश लिहीत होते.

मामा निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी भाषण करा म्हटलं तर "नको" म्हणून पेढे वाटत सुटले. त्यानंतर चारेक महिन्यांनी त्याच रुग्णालयाचं पत्र आलं, बाळांची मर्यादा आणखी कडक करायची होती. पूर्वी या कामाला आठवडा जायचा आणि मामांवाचून ते झालंच नसतं. मी फाइल उघडली, एका जागी एक आकडा बदलला, बाळांचे रिपोर्ट तपासले, मोठ्यांचे तपासले. चहा निवायच्या आत काम संपलं. आजूबाजूला कुणाला कळलंही नाही. सांगायचं तरी कुणाला, म्हणून मी मामांना फोन लावला.

"मोठ्यांचं तपासलंस?" त्यांनी विचारलं.

"तपासलं. जसंच्या तसं आहे."

"कुठे अडलीस?"

"कुठेच नाही, मामा."

मग ते म्हणाले, "मग आता माझा नंबर काढून टाकलास तरी चालेल."

ते अगदी मनापासून बोलत होते. इतका सुखावलेला त्यांचा आवाज मी लग्नघरातसुद्धा ऐकला नव्हता. मला मात्र भडभडून आलं, आणि घाईची मीटिंग आहे असं खोटंच सांगून मी फोन ठेवला. त्यांनी काढायला सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी आजवर काढली. नंबर तेवढा काढलेला नाही.