साग खाणारी अळी आणि सावकाश वनरक्षक

आमच्या शाळेमागच्या सागाच्या रानाचे वनरक्षक इतके सावकाश चालतात की एकदा त्यांच्या टोपीवर कोळ्याने जाळं विणलं, संसार थाटला आणि पोरंही उजवली. बोलण्याआधी ते तंबाखू मळतात. त्यांना वेळ विचारावी, तर उत्तर येईपर्यंत ती बदललेली असते.

यंदा पावसाळ्यात सागावर अळी पडली आणि आठवड्यात पानांची चाळण झाली. तिच्या चघळण्याच्या आवाजात माझा पाढ्यांचा तास बुडाला. वनखात्याच्या साहेबांनी तातडीने विषारी औषधाचा ड्रम धाडला. रानातलं पाणी खालच्या नाल्यात उतरतं आणि सगळा पाडा तेच पितो, ही किरकोळ बाब साहेबांच्या नकाशात नव्हती.

"फवारणी कधी?" मी विचारलं.

तंबाखू मळून झाली. "पंप बिघडेल शे, गुरुजी. अळीले पोटभर खाऊ द्या. दोरा सोडीसन खाले उतरी, पाचोळामा कोश करी, पाखरू व्हई. साग परत फुटी."

पंप नवाकोरा होता. त्याचा वॉशर तेवढा यांच्या खिशात होता. रोज फोनवर निलंबनाची धमकी येई, आणि हे निवांतपणे पंप दुरुस्तीला गेल्याचं सांगत.

महिन्याभरात साग फुटला. साहेब आले, ड्रमला टेकले आणि कोवळ्या पानांकडे बोट दाखवत औषधाच्या गुणांवर अर्धा तास बोलले.

"भारी औषध शे, साहेब," वनरक्षक म्हणाले.

मी हळूच माझा रुमाल ड्रमच्या न फुटलेल्या सीलवर टाकला.