मोडलेल्या बैलाची पूजा

परवा शाळेत माझ्या हातून एक घोळ झाला... तोही पोळ्याच्या आदल्या दिवशी.

तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवतो. पहिली ते चौथी मिळून बावीस मुलं. आता दावणीला बैल दोघा-तिघांच्याच घरी उरलेत. म्हणून मुलं शाळेत मातीचे बैल करतात आणि घरोघरी त्यांचीच पूजा होते.

यंदा म्हटलं, विकतची शाडू कशाला... माझ्याच रानातली काळी माती नेली. मुलं कोपरापर्यंत माखली. कुणी ज्वारीच्या दाण्यांचे डोळे लावले, कुणी दोऱ्याची वेसण घातली. लवकर वाळावेत म्हणून सगळे बैल मी कडक उन्हात पत्र्यावर ठेवले.

काळी माती वाळली की भेगाळते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला कळायला हवं होतं. दुपारी बघतो तर बावीसच्या बावीस तडकलेले. कुणाचा पाय निखळलेला, कुणाची शिंगं गळलेली.

"सर, माझ्या बैलाचं डुक्कर झालं की ओ!" चौथीतला राजवीर ओरडला. सगळे हसले, पण पहिलीतली दोघं रडायलाच लागली. उद्या पूजा कशाची करायची?

मलाही तेच खात होतं. भंगलेलं काही पूजेला ठेवायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळत आलोय. "संध्याकाळी तळेगावातून सगळ्यांना तयार बैल आणतो," म्हटलं आणि तुकडे भरायला घमेलं घेतलं.

तिसरीतली शिवन्या मात्र आपला बैल देईना. तीन पायांचा तो बैल तिनं पोटाशी धरला होता.

"अगं, मोडलाय तो. पूजेला घेत नाहीत."

"का न्हाई घेत? आमचा सर्जा पण लंगडतोय. आबा आधी त्यालाच ओवाळत्यात. म्हणत्यात, आपल्याच रानात मोडलाय त्याचा पाय."

मी घमेलं खाली ठेवलं.

मग माती पुन्हा भिजवली. भेगा लिंपल्या, तुरीच्या काड्यांचे पाय बसवले, वर चिंध्यांच्या पट्ट्या बांधल्या. "डॉक्टर, माझा पेशंट आधी घ्या!" म्हणत मुलांनी पट्ट्या बांधणाऱ्या राजवीरभोवती गर्दी केली. सुटीची घंटा द्यायचीही मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर फोटो येत राहिले. पाटावर, देव्हाऱ्यात, पट्ट्या बांधलेले बैल... आणि पुढं पुरणपोळी. नमुना म्हणून मी केलेला बैल मीही घरी आणला होता. त्याचे पुढचे दोन्ही पाय गेलेले. बायकोनं विचारलं, "अहो, हा असा कसा?" म्हटलं, "वर्षभर राबलाय, बसलाय जरा." ती हसली आणि तिनं त्याला हळद-कुंकू लावलं.

शिवन्याच्या आबांना मी अजून भेटलेलो नाही. रविवारी जाऊन त्यांच्या पाया पडून येणार आहे... आणि सर्जाच्याही.