काळदांड्याच्या मानेवरील दगड

नाटे गावाच्या दक्षिणेस काळदांडा नावाचे भूशिर समुद्रात घुसले आहे. कातळाची एक चिंचोळी मान त्यास किनाऱ्याशी जोडते आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. पलीकडे झाड नाही, गोडे पाणी नाही; कातळ असा की त्यावर पडलेला माणूस सोलूनच उठतो. तरीही ओहोटीला बायका तिकडे जातात, कारण खडकांना चिकटलेली शिनाणे, म्हणजे ते काळपट हिरवे शिंपले, तिथल्याइतके मोठे अन्यत्र मिळत नाहीत.

जाण्याचा नियम ठरलेला आहे. मानेच्या अलीकडील कट्ट्यावर जाणाऱ्याने आपल्या खुणेचा दगड ठेवावा आणि परतल्यावर स्वतःच्या हाताने उचलावा. काळदांडा दगड मोजतो. ज्याचा दगड कट्ट्यावर नाही, ते माणूस तो आपले समजतो. दगड जन्माचा एकच असतो; तो दुसऱ्यास दिला, तर देणाऱ्याने पुन्हा मान ओलांडावयाची नाही.

हा नियम शरीफाने एकतीस वर्षे राखला. वय त्रेसष्ट, पोट शिनाण्यांवर, जीभ तिखट. वाकडा ठेवलेला दगड ती ज्याचा त्याला सरळ करावयास लावी. स्वतः बोट लावीत नसे. शेजारच्या वाडीतील मालनशी तिचे एका खडकावरून बारा वर्षांचे वैर होते.

गेल्या फेब्रुवारीत मालनने नवी सून दर्शना हिला प्रथमच सोबत आणले. मुलगी मंडणगडच्या डोंगरातली.

"हिला पाण्याची सवय हाय काय?" शरीफाने विचारले.

"तुझ्याकडे पाणी भरायला नाय आणली तिला," मालन म्हणाली. "तू आपली पाटी बघ."

तिघी पलीकडे गेल्या. शरीफा परतली तेव्हा कट्ट्यावर तिचा एकटीचाच दगड होता. तो उचलून ती चढणीला लागली, तो वर मालन भरली पाटी उतरवून एकटीच बसलेली.

"सून कुठं?"

"येतेय मागनं."

"मग तिचा दगड कुठं?"

मालनने ओटीतून दोन दगड काढून दाखविले. "तिचे हात भरलेले असतील म्हणून मीच उचलला. एका घरचे दोन दगड, त्यात काय गो एवढं?"

शरीफाने वळून खाली मानेकडे पाहिले. एकतीस वर्षांपूर्वी नवरा गुलाम रसूल याचा दगड तिने अगदी याच विचाराने आपल्या दगडासोबत उचलला होता. चूक कळल्यावर स्वतःचा दगड परत ठेवण्याचे धाडस तिला झाले नाही. गुलाम रसूलचे प्रेतही मिळाले नाही.

भरती-ओहोटीच्या कोष्टकाप्रमाणे मान बुडण्यास अद्याप पन्नास मिनिटे होती. पण पाणी तेव्हाच चढू लागले. हे लिहिणारा मी तेव्हा वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, होतो. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. पलीकडे दर्शना मानेच्या टोकाशी उभी राहून ओरडत होती.

मालन धावत खाली गेली आणि तिने सुनेचा दगड कट्ट्यावर आपटला. पाणी थांबले नाही.

"दुसऱ्यानं उचललेला दगड मेला, मालन. तो नाय मोजायचा," मागोमाग उतरत शरीफा म्हणाली.

"तुझीच नजर लागली, अवदसे! आधी नवरा खाल्लास, आता माझी सून!"

शरीफाने कमरेचा आपला दगड काढला, कट्ट्यावर ठेवला, सरळ केला आणि ती मागे सरली.

अकरा मिनिटे पाणी गुडघ्याच्या वर चढले नाही. दर्शना पाय फाडून घेत अलीकडे आली. ती कट्ट्याला टेकताच मागे मान दिसेनाशी झाली.

"उचल," शरीफा म्हणाली. "तुझ्या हातानं. आता तो तुझा."

मालनने सुनेला दंडाला धरून ओढले. जाताना वळून म्हणाली, "खडक आता आमचा. पाऊल टाकून दाखव!"

शरीफा आता कोळणींकडून घेतलेले सुके बोंबील दारोदार विकते. ओहोटीला मात्र कट्ट्यावर येऊन बसते. मालन तिच्याकडे पाहून थुंकते. परवा परतताना मालनने सवयीने दोन्ही दगडांकडे हात नेला, तेव्हा दर्शनाने पाटी खाली टाकून तो मनगटाशी धरला.

"हात लावू नका, आई."

शिनाणे कातळावर सांडली होती. ती वेचावयास कोणीही वाकले नाही.