बाबा आत असताना ओढलेली तार

रुग्णालयात तिला सगळे डिस्कवाली ताई म्हणायचे. तळमजल्यावरच्या गारठलेल्या खोलीत दोन मोठे संगणक, तिच्या भाषेत दोन नोड, सगळ्या रुग्णांचे स्कॅन एकाच सामायिक डिस्कवर सांभाळायचे. कोपऱ्यात चपलांच्या खोक्याएवढा तिसरा होता. तो नुसता साक्षीदार, काम काही नाही, फक्त मत द्यायचं. दोन्ही नोड एका तारेवरून एकमेकांना सतत "मी आहे, मी आहे" असं कळवत असत. त्याला म्हणतात हार्टबीट. इतकी वर्षं बघूनही ताईचं नवल काही ओसरलं नव्हतं.

भीती एकच. ती तार तुटली, तर दोघंही धडधाकट असून प्रत्येकाला वाटणार, दुसरा मेला. मग दोघंही मालक होऊन त्याच डिस्कवर लिहीत सुटणार आणि स्कॅनची पार खिचडी होणार! अशा वेळी साक्षीदाराचं मत ज्याला मिळेल त्याने दुसऱ्याची वीज तोडायची, असा नियम ताईने बसवला होता. तो भर कामाच्या वेळी तपासू द्या, म्हणून साहेबांच्या कानाशी तिची भुणभुण चालायची. साहेब एकदाचे हो म्हणाले.

तिच्या बाबांचाही स्कॅन त्याच दिवशी होता, पण तासाभराने. ती तारेला हात घालणार, तोच वर बाबांसोबत आलेल्या भावाचा फोन. "अगं, आधीचा पेशंट आलाच नाही. बाबांना स्कॅनला आत घेतलंय."

तिने ते साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्या करू या की. कोण विचारतंय?"

आत दुसऱ्या कुणाचे बाबा असते, तर तिने केव्हाच तार ओढली असती. तिला स्वतःची लाज वाटली.

"नाही साहेब, आत्ताच," म्हणाली, आणि ओढली.

दोन्हीकडचे पंखे घुमतच राहिले. मग डावीकडचा नोड एकाएकी शांत झाला, दिवे विझले. साक्षीदाराने उजव्याला कौल दिला होता. उजव्याने शेजाऱ्याची वीज तोडून सगळा भार एकट्याने उचलला होता. खोलीतल्या कुणीही त्यांना काही सांगितलं नव्हतं. ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. हे आपणच बसवलंय, यावर तिचा विश्वास बसेना. साहेबही आ वासून बघत होते.

ती धावत वर गेली. पडद्यावर बाबांचा स्कॅन अख्खा उमटला होता, एक रेघ तुटलेली नव्हती. बाबा शर्टाची बटणं लावत बाहेर आले.

"कसं झालं, बाबा?"

"कसलं कसं? नुसतं पडून राहायचं. आत काही म्हणजे काहीच झालं नाही गं."

ताई त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडायला लागली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, रिपोर्ट वाईट आलाय का?"

"नाही हो बाबा," एवढंच तिला म्हणता आलं.