हजेरीवर पाच जास्त

आमच्या राज्याच्या नियमानुसार मी एका वेळी सहा मुलं सांभाळू शकते. नवरा त्यात धरलेला नाही.

बॉथेल नावाच्या अमेरिकी गावात माझं घरगुती डेकेअर, म्हणजे पाळणाघर, आहे, लायसन्स असलेलं. लोक स्वतःचं नाव जसं सांगतात, तसं मी हे 'लायसन्स असलेलं' सांगते. ते मिळवायला मला चौदा महिने लागले. या चौदा महिन्यांत मी बोटांचे ठसे दिले, मिलिंदला द्यायला लावले (तो म्हणाला, लग्नाच्या वेळी तुझ्या बाबांनीही एवढी चौकशी केली नव्हती), नळाच्या गरम पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडे लिहिले आणि आग लागल्यास कोणी कुठून बाहेर पडायचं याचा नकाशा काढून तिन्ही दारांवर लावला. दर महिन्याला आगीची रंगीत तालीम असते. द्राक्षं उभी चिरून प्रत्येकी चार तुकडे केल्याशिवाय ताटलीत जात नाहीत. आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, वेळ, सोडणाऱ्याची सही आणि माझी सही हजेरीच्या फाइलमध्ये असते. माझा हात आता असा बसला आहे की घरी पाहुणे जेवायला आले तरी त्यांना पेन पुढे करावंसं वाटतं.

मुलं दुपारी झोपली की दर पंधरा मिनिटांनी प्रत्येकाचा श्वास बघून नोंद करायची, हे मी करते. मिलिंद वरच्या खोलीतून काम करतो. चहाला खाली यायचं तर त्यानं आधी मेसेज करायचा, असाही एक नियम आहे. तो मात्र सरकारचा नाही.

गेल्या वर्षी मी सहाची नऊ मुलं करायचा अर्ज केला. त्यासाठी गॅरेजची खोली केली आणि मिलिंदचं टेबल टेनिसचं टेबल विकलं. बॅट मात्र त्यानं ठेवून घेतली. माझ्या वेटिंग लिस्टवर सात नावं होती, म्हणजे तीन जागा भरायला काहीच अडचण नव्हती. आमच्या भागाच्या लायसन्स-अधिकारी डेब्राबाई येऊन खोली बघणार, सही करणार, की झालं. त्या कधी येणार ते मात्र सांगत नाहीत. न सांगता येणं हाच त्यांच्या नोकरीचा गाभा.

आणि मग माझी लिस्ट गळायला लागली.

एकेक आई फोन करून सांगायची, नाव काढून टाका, आम्हाला एक काकू मिळाल्या. काकू म्हणे घरच्यासारख्या. नाक वाहत असलं तरी घेतात. सातपर्यंत ठेवतात. वरण-भात हातानं भरवतात. फॉर्म नाही, सही नाही, काही नाही. चौथा फोन लिस्टवरच्या पहिल्या नंबरच्या श्वेताचा आला. तिची मुलगी अन्वी चार वर्षांची. श्वेताला मी विचारलं, या काकूंकडे फर्स्ट एडचं सर्टिफिकेट आहे का? श्वेता म्हणाली, "ताई, त्यांच्याकडे हळद आहे."

तीन रात्री मला नीट झोप लागली नाही. लायसन्सवाल्यांच्या घरी अधिकारी न सांगता येतात, औषधाचं कपाट उघडून बघतात, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का ते बघतात. बिनलायसन्सवाल्यांच्या घरी कोणी तक्रार केल्याशिवाय कुणी फिरकत नाही. आमच्या धंद्यात याला न्याय म्हणतात! चौथ्या दिवशी मी तक्रारीचा फॉर्म भरायला घेतला. 'सांभाळणाऱ्याचं नाव' या रकान्यासाठी श्वेताला मेसेज केला. उत्तर आलं: शकूकाकू.

शकूकाकू म्हणजे मिलिंदच्या सख्ख्या काकू. चार महिन्यांपूर्वी नागपूरहून मुलाकडे कायमच्या राहायला आल्या होत्या, आमच्यापासून दोन चौकांवरच्या अपार्टमेंटमध्ये. आमच्या लग्नात याच काकूंनी मला पहिला घास भरवला होता. आता सरकारी फॉर्मवर त्यांचं नाव लिहायचं!

फॉर्म बंद करून मी भगर भरलेला डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. (डबा हे निमित्त. खरं तर मला मोजायचं होतं.) दाराबाहेर नऊ छोटे बूट होते. नऊ बूट म्हणजे साडेचार मुलं. आत गेल्यावर दहावा बूट एका बाळाच्या तोंडात दिसला. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, त्याखाली सतरंजी, सतरंजीवर बाकीची चार मुलं ओळीत बसून मुरमुरे खात होती. कोणी रडत नव्हतं. हे मला जास्तच लागलं.

मी शक्य तितक्या गोड आवाजात लायसन्सचा विषय काढला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माय, मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. एका खोलीत चाळीस पोरं. वजनाचा काटा, लसीचं रजिस्टर, खिचडी, सगळं मी एकटी. अन् तू पाच पोरांसाठी मले लायसन्स सांगून राहिली?"

"काकू, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कायदा मोडता?"

हे मी म्हणायला नको होतं. काकूंनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्यांना पोरं उपाशी राहिलेली आवडली असती का?" मी डबा तिथेच विसरून घरी आले.

दोन दिवस मी घरभर फिरत राहिले. खेळणी आकारानं लावली, मग रंगानं लावली, मग पुन्हा आकारानं. तक्रार करता येईना आणि गप्प बसवेना. शेवटी एक तिसराच मार्ग सुचला. तो नियमांच्या कुठल्याच यादीत नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी काकूंना फोन केला आणि सहज म्हणाले, या आठवड्यात आपल्या भागात इन्स्पेक्टर फिरतेय म्हणे. ही शुद्ध थाप होती. वाटलं, घाबरतील, दोन-तीन मुलं कमी करतील, माझ्या लिस्टवर परत येतील. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, तू थाप मारलीस? त्याच्या आवाजात पंधरा वर्षांत पहिल्यांदा आदर होता.

गुरुवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास दाराशी टकटक झाली. काकू. एका हातानं स्ट्रोलर ढकलत होत्या, त्यात बूटवालं बाळ. दुसऱ्या हातात जुन्या साडीची लांब पट्टी, पट्टीला गाठी आणि प्रत्येक गाठीला एक मूल, असं चार जणांचं लटांबर. (मी असल्या दोरीसाठी कॅटलॉगमधून ऑर्डर दिली होती. तिच्या गाठी मुलं सोडतात. काकूंची कोणी सोडली नव्हती.)

"वैशाली, ती आली," काकू म्हणाल्या.

"कोण?"

"तूच म्हटलं होतं ना, इन्स्पेक्टर. खाली पार्किंगमध्ये उभी आहे. हातात पाटी, गळ्यात कार्ड. मी मागच्या जिन्यानं निघाली."

(ती बाई धुराचे अलार्म तपासायला आली होती, हे संध्याकाळी कळलं.)

"पण मग इकडे का आणलंत?"

"अगं, तुझ्याकडे लायसन्स आहे ना," काकू म्हणाल्या. पावसात शेजारणीकडे छत्री आहे म्हणून तिच्या दारात उभं राहावं, इतक्या सहज.

आता इथे मी काय करायला हवं होतं, हे मला नंतर अनेकांनी समजावून सांगितलं. काकूंना आणि त्यांच्या पोरांना मागच्या अंगणात बसवायचं. काकू पाहुण्या, पोरं काकूंसोबतची, दहा मिनिटं बसून गेली. इतकं सोपं.

पण माझ्या दारातून एका वेळी पाच मुलं आत आली होती, आणि मूल दारातून आत आलं की माझे हात माझे राहत नाहीत. मी पाचही जणांचे हात धुतले. कपाळावर थर्मामीटर लावला. (सगळे नॉर्मल. नाक वाहणाराही.) मग फाइल उघडली आणि पाच नावं, वेळ दहा त्रेचाळीस, सोडणाऱ्याचं नाव शकुंतला, नातं काकू, असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहून पाच वेळा सही केली. काकूंकडूनही पाच सह्या घेतल्या. काकू सही करता करता म्हणाल्या की रजिस्टर तुझं चांगलं आहे, आमच्याकडे समास पण आखावा लागे. मीही खूश झाले.

माझी सहा, काकूंची पाच. नऊचं लायसन्स मिळालेलं असतं तरी दोन जास्त. मिलिंदचा मेसेज आला, चहा? मी लिहिलं, नको. तो तरीही खाली आला, पायरीवर थांबला, डोकी मोजली आणि विचारलं की आज आपल्याकडे काही आहे का. मी त्याला द्राक्षं चिरायला बसवलं.

दहा पन्नासला पुन्हा टकटक झाली. दारात डेब्राबाई उभ्या होत्या.

त्यांच्या डोळ्यांत मला सगळं दिसलं. आधी स्मित, मग मोजणी, मग पुन्हा मोजणी. मी एका दमात सांगून टाकलं की या माझ्या काकू, नातवंडांना घेऊन सहज भेटायला आल्यात. डेब्राबाईंनी विचारलं, पाचही नातवंडं? काकूंना एवढं इंग्रजी कळलं. त्यांनी शेजारी बसलेल्या लाल केसांच्या ऑलिव्हरला मांडीवर ओढलं आणि ठणकावून म्हणाल्या, "येस. माय ग्रँडसन."

ऑलिव्हरनं विरोध केला नाही. त्याच्या तोंडात द्राक्ष होतं. पण अन्वी चार वर्षांची, खरं बोलण्याचं वय. ती म्हणाली, "शी इज नॉट माय ग्रँडमा. शी इज माय डेकेअर."

डेब्राबाईंनी वही उघडली. आणि ती वही बघून काकूंची तीस वर्षांची सवय जागी झाली. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. अकराच्या अकरा मुलं, माझी सहासुद्धा, क्षणात गोल करून बसली. माझी सहा माझ्या टाळीला कधी बसली नाहीत. काकूंनी पावसाचं एक गाणं सुरू केलं, मुलांनी बोटांनी पाऊस पाडला. डेब्राबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मला वाटलं, माझा गुन्हा. मान वाकवून बघितलं तर लिहिलं होतं, 'ही बाई कोण? फार छान.'

नंतर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. डेब्राबाई वाईट नाहीत. त्यांनी हळू आवाजात समजावलं की काकू स्वतः हजर आहेत, मुलं त्यांच्या नजरेखाली आहेत, तर त्यांना पाहुणे धरता येईल. काकूंशी त्या वेगळं बोलतील, पण माझ्या नऊच्या अर्जाला धक्का लागायचं कारण नाही. मी चहाचं आधण ठेवलं. मग त्या म्हणाल्या, फक्त हजेरीची फाइल बघते, म्हणजे निघते.

फाइल मी स्वतःच दिली. त्या पानावर चिठ्ठीही लावलेली होती, चटकन सापडावं म्हणून.

त्यांनी पान वाचलं. पाचही ओळी वाचल्या. बराच वेळ मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते, हे मला तेव्हा रागाचं लक्षण वाटलं.

"तुम्ही सह्या केल्या नसत्या, तर हा पाहुणचार होता," त्या म्हणाल्या. "आता ही तुमच्या ताब्यातली मुलं आहेत. वेळेसकट."

मी विचारलं की खोडता येईल का. त्यांनी मला नियमाचा क्रमांक सांगितला. तो मला पाठ होता. नोंदीत खाडाखोड करू नये, हा माझा सगळ्यात आवडता नियम.

नऊचा अर्ज सहा महिन्यांसाठी थांबला. नियमभंगाची नोटीस पालकांना दिसेल अशी दारावर लावायची असते. मी ती लॅमिनेट करून लावली. काकूंना डेब्राबाईंनी दम दिला नाही. माहितीपत्रक दिलं आणि नव्या लायसन्सच्या पहिल्या वर्गाची तारीख त्यावर गोल करून दिली. काकूंनी त्याच दिवशी पाचही घरी फोन करून सांगितलं की लायसन्स हाती येईपर्यंत पोरं बंद. श्वेता मला म्हणाली, ताई, तुम्ही हे काय केलंत.

त्या रात्री मी काकूंना थापेचं सांगून टाकलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मले कळलं होतं. तुझा आवाज खोटं बोलताना बारीक होते. पण खाली ती पाटीवाली दिसली, तर म्हटलं, माझी सून कधी नाही ते खरं बोलली वाटते."

वर्ग इंग्रजीत असतो, म्हणून दुभाषी म्हणून मी काकूंबरोबर गेले. तिथे तीसेक बायका होत्या. शिकवणारी बाई उत्साही होती. हजेरीचं महत्त्व सांगताना म्हणाली की अलीकडेच एक गंमत घडली, नाव सांगत नाही. एका बाईंकडे मंजुरीपेक्षा पाच मुलं जास्त होती, कुणाला कळलंही नसतं, पण तिनं स्वतःच पाचही जणांची नोंद केली, सह्या केल्या आणि ते पान इन्स्पेक्टरच्या हातात दिलं! सगळा वर्ग हसला. काकूंनी माझ्या दंडाला कोपर मारून विचारलं, काय म्हणून राहिली ती? मी नियमानं दुभाषी होते. एकही शब्द न गाळता सगळं मराठीत सांगितलं.

काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला, उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बोट दाखवत तीस बायकांना खणखणीत आवाजात सांगितलं, "धिस वन. माय डॉटर-इन-लॉ."

तेवढ्यासाठी त्यांना दुभाषी लागली नाही.