मारकी बाय

तळोज्याच्या त्या केमिकल कारखान्यात बायचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. अडकलेल्या मीटरला बुक्की, चुकलेल्या फिटरच्या पाठीत धपाटा. सुकापूरहून स्कूटरवर येणारी ही बाई मीटर-यंत्रांच्या खात्याची मुख्य होती. समोर सगळे तिला 'बाय' म्हणत, पाठीमागे 'मारकी बाय'.

मी पनवेलच्या एका छोट्या कंपनीत इंजिनियर होतो. रिअॅक्टरचं तापमान कॉम्प्युटरला कळवणारं आमचं सर्किटचं कार्ड मी तिथे कॉम्प्युटरच्या आत बसवलं, तेव्हा माझी मानगूट धरून तिने विचारलं, "लाईट जाऊन आली तं चालंल ना रं?"

"शंभरदा तपासलंय," मी छाती फुगवून म्हणालो. तपासलं होतंच, पण दरवेळी रीस्टार्ट करून. प्लग एकदाही काढला नव्हता.

एका दुपारी लाईट गेली आणि आली. ऑपरेटर गणूने कॉम्प्युटर चालू केला. सुरू होताना कॉम्प्युटर कार्डांची हजेरी एकदाच घेतो. आमच्या कार्डावरच्या चिपला वीज आल्यावर स्वतःचा प्रोग्रॅम भरून घ्यायला जरा जास्तच वेळ लागायचा. तेवढ्यात हजेरी संपली. स्क्रीनवर आकडे आलेच नाहीत, रिअॅक्टर तापत गेला, झाकण फाटून उकळता माल उडाला. बायने धावत जाऊन हाताने व्हॉल्व्ह बंद केला. तळव्याची कातडी व्हॉल्व्हच्या तापलेल्या चाकालाच चिकटून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर दुसऱ्या हाताने कॉलर धरून तिने मला भिंतीवर आपटलं. माझा ओठ फुटला. मग तिने कॉम्प्युटरचा प्लग खेचून परत लावला. कार्ड दिसेना. रीस्टार्ट केला, वीज न तुटल्याने चिप जागीच होती, कार्ड हजर!

"जाग्या मानसाला हाका मारून बगितल्यास," ती ओरडली. "झोपल्याला कोन उठवनार?"

एवढा मार खाऊनही मला ती त्या क्षणी फार आवडली.

चौकशीत खापर गणूवर फुटत होतं. बाय टेबलावर मूठ आपटून सांगत होती, "खोट कार्डात हाय, पोराची चूक नाय!" कारखान्याचे साहेब म्हणाले, "ते इंजिनियरला सांगू दे." आमच्या मालकांनी मला आधीच दम भरला होता.

"कार्ड तपासलेलं आहे," मी म्हणालो.

गणूची नोकरी गेली.

चिप लवकर जागी होईल अशी दुरुस्ती करून मी आठवड्याने कार्ड घेऊन गेलो. तिने मला मारावं असं मला मनापासून वाटत होतं. बायने हात उचलला नाही. खुर्ची पुढे सरकवली.

"या साहेब," ती म्हणाली, "बसा तुमी."